बोन मॅरोचे कोड लावताना: सुई कुठे गेली ते आधी वाचा

पुणे, नवी मुंबई, नागपूर इथल्या मेडिकल कोडिंगच्या, म्हणजे उपचारांच्या नोंदींवरून बिलाचे कोड लावण्याच्या, ऑफिसांत बोन मॅरोचे चार्ट नव्या मुलांच्या हातात लवकर येतात. मुख्य कोड तीनच आहेत: ३८२२०, ३८२२१ आणि ३८२२२. पाठ करायला वेळ लागत नाही. तरीही ऑडिटमध्ये या चार्टांवर शेरे येत राहतात, कारण कोड पाठ असतात पण डॉक्टरांनी टेबलापाशी नेमकं काय केलं ते डोळ्यांसमोर उभं राहत नाही. नोटच्या मथळ्यात नुसतं ‘बोन मॅरो बायोप्सी’ असतं आणि आत अ‍ॅस्पिरेशनही, म्हणजे मज्जेचा द्रव ओढणंही, झालेलं असतं. कधी मथळ्यात दोन्ही असतात आणि आत एकच झालेलं असतं. म्हणून आधी प्रोसिजर समजून घेऊ, मग कोड.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. इथले सीपीटी कोड, म्हणजे डॉक्टरांनी केलेल्या प्रोसिजरचे कोड, अमेरिकेतल्या बिलिंगचे आहेत. आपल्याकडच्या रुग्णालयात हीच तपासणी होते तेव्हा बिल दरपत्रकावर किंवा योजनेच्या पॅकेजवर बनतं, सीपीटीवर नाही. काम इथे बसून होत असलं तरी नियम तिथले.

टेबलापाशी काय घडतं

बोन मॅरो म्हणजे अस्थिमज्जा, हाडाच्या आतला, रक्तपेशी तयार करणारा मऊ भाग. प्रौढ माणसात नमुना घेण्याची नेहमीची जागा म्हणजे कमरेच्या मागच्या बाजूचं हाड. नोटमध्ये ते ‘पोस्टीरिअर इलियाक क्रेस्ट’ किंवा ‘पोस्टीरिअर सुपीरिअर इलियाक स्पाइन’ असं येतं. रुग्णाला कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, किंवा पालथं. जागा स्वच्छ करून लिडोकेन देतात. आपल्याकडे याच औषधाला लिग्नोकेन म्हणतात. ते आधी त्वचेत आणि मग थेट हाडावरच्या आवरणात, म्हणजे पेरिऑस्टियममध्ये दिलं जातं, कारण सुईची खरी वेदना तिथे असते. हाडाच्या आत मात्र भूल पोचत नाही. म्हणून सिरिंजचा दट्ट्या ओढताना रुग्णाला काही सेकंद जोराची कळ येते. पुढे सिडेशनचे कोड येतील तेव्हा हे लक्षात असू द्या.

यानंतर त्वचेवर ब्लेडने एक छोटी चीर देतात. कोडरच्या दृष्टीने नोटमधलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. किती चिरा आणि कोणत्या हाडावर, यावर पुढचं सगळं ठरतं.

अ‍ॅस्पिरेशनमध्ये सुई हाडाच्या कठीण थरातून आत नेतात, आतली सळई काढतात, सिरिंज लावतात आणि मज्जेचा द्रव ओढतात. पहिला ओढा मुद्दाम थोडा, अर्धा मिलिलिटरच्या आसपास ठेवतात. जास्त ओढलं की त्यात साधं रक्त मिसळतं आणि काचेवर पसरलेला थर, म्हणजे स्मिअर, वाचायला बिघडतो. द्रवात मज्जेचे बारीक कण दिसले की नोटमध्ये ‘स्पिक्यूल्स प्रेझेंट’ लिहिलेलं सापडतं. मग फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी), क्रोमोसोमच्या तपासणीसाठी वेगवेगळ्या सिरिंजमध्ये आणखी द्रव घेतात. एकाच जागेवरून चार सिरिंज भरल्या तरी कोडच्या लेखी ते एकच अ‍ॅस्पिरेशन. कोडच्या वर्णनातच एक किंवा अनेक अशी सोय आहे, त्यामुळे युनिट एकच लावायचं.

बायोप्सीमध्ये जामशिडी नावाची जाड, पोकळ सुई वापरतात. बहुतेक नोटमध्ये ११ गेज असा उल्लेख असतो. आतली सळई काढून सुई फिरवत फिरवत पुढे नेतात, म्हणजे मज्जेसकट हाडाची एक बारीक कांडी सुईत अडकते. ही कांडी साधारण दीड ते दोन सेंटिमीटरची असावी अशी अपेक्षा असते. तिचा काचेवर ठसा घेतात आणि ती फॉर्मलिनमध्ये टाकतात.

दोन्ही का करतात हे समजलं तर नोट वाचायला सोपी जाते. उसाचा रस काढून गोडी कळते, पण कांड्याची आतली ठेवण बघायची तर ते चिरूनच बघावं लागतं. द्रवात एकेक पेशी नीट दिसते आणि फ्लो, जनुकीय तपासण्या त्यातूनच होतात. मज्जा किती भरलेली आहे, तंतू वाढलेत का, लिम्फोमाचे पुंजके आहेत का, हे कांडीत दिसतं. मायलोफायब्रोसिस किंवा हेअरी सेल ल्युकेमिया असेल तर अनेकदा द्रव येतच नाही. याला ‘ड्राय टॅप’ म्हणतात. अशा वेळी डॉक्टर कांडीचे ठसे घेऊन पेशी बघतात. ठसे घेतले म्हणजे अ‍ॅस्पिरेशन झालं असं मात्र धरू नका.

छातीच्या मधल्या हाडातून, म्हणजे स्टर्नममधून, प्रौढांमध्ये फक्त अ‍ॅस्पिरेशन करतात. ते हाड पातळ आहे आणि त्याच्या लगेच मागे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. चार्टमध्ये स्टर्नमची बोन मॅरो बायोप्सी दिसली तर थांबा आणि नोट पुन्हा वाचा. तान्ह्या बाळांत पायाच्या नडगीच्या हाडातून नमुना घेतात, ते बरोबर आहे.

तीन कोड आणि एक नियम

३८२२० म्हणजे निदानासाठी केलेलं अ‍ॅस्पिरेशन. ३८२२१ म्हणजे निदानासाठी केलेली बायोप्सी. ३८२२२ म्हणजे एकाच वेळी दोन्ही. हा तिसरा कोड १ जानेवारी २०१८ पासून आला. त्याआधी एकाच चिरेतून दोन्ही केलं तर मेडिकेअरसाठी (अमेरिकेची सरकारी आरोग्य विमा योजना) बायोप्सीच्या कोडसोबत जी०३६४ लावत असत. तो कोड त्याच दिवशी बंद झाला. ट्रेनिंगच्या जुन्या नोट्सच्या झेरॉक्स अजून हातोहात फिरतात. जी०३६४ दिसला की ते पान बाजूला काढा, कारण त्यातलं बाकीचंही जुनं असणार.

नियम असा: एकाच हाडावर, एकाच चिरेतून दोन्ही झालं तर ३८२२२ एकदा. ३८२२० आणि ३८२२१ वेगवेगळे लावायचे नाहीत. दोन्ही वेगळे लावायची मुभा तेव्हाच, जेव्हा अ‍ॅस्पिरेशन एका ठिकाणी आणि बायोप्सी दुसऱ्या ठिकाणी झाली असेल, किंवा त्या दोन वेगळ्या भेटींमध्ये झाल्या असतील. एनसीसीआयच्या, म्हणजे कोणते कोड एकत्र लावता येतात ते ठरवणाऱ्या मेडिकेअरच्या, नियमांत वेगळं ठिकाण म्हणजे वेगळं हाड, किंवा त्याच हाडावर त्वचेची वेगळी चीर.

आता सरावासाठी तयार केलेली एक नोट बघू.

मथळा: लेफ्ट बोन मॅरो बायोप्सी. कारण: पॅनसायटोपेनिया (तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी), एमडीएस (मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, मज्जेचा आजार) आहे का ते पाहण्यासाठी. मजकूर: रुग्णाला उजव्या कुशीवर वळवलं. डाव्या पोस्टीरिअर इलियाक क्रेस्टची जागा स्वच्छ केली. त्वचेत आणि पेरिऑस्टियममध्ये १ टक्का लिडोकेन दिलं. छोटी चीर दिली. सुईने अ‍ॅस्पिरेट काढलं, स्पिक्यूल्स दिसले. सुईची दिशा किंचित बदलून त्याच चिरेतून १.८ सेंटिमीटरची कोअर (कांडी) घेतली. दाब देऊन ड्रेसिंग केलं.

मथळा बायोप्सी म्हणतो, म्हणून घाईत ३८२२१ लागतो. मजकूर सांगतो की द्रवही काढला आणि कांडीही घेतली. सुईची दिशा बदलली, म्हणजे हाडाला आत दुसऱ्या जागी भोक पडलं, पण त्वचेची चीर तीच. त्यामुळे उत्तर ३८२२२, एकदा. लिडोकेनचं वेगळं काही नाही, ते प्रोसिजरमध्येच धरलेलं आहे.

याच नोटमध्ये थोडे फेरफार करून बघा. डाव्या बाजूने अ‍ॅस्पिरेशन आणि उजव्या बाजूने बायोप्सी झाली असती तर ३८२२० आणि ३८२२१ दोन्ही लागले असते, आणि एनसीसीआयच्या जोडीत जो कोड दुसऱ्या रकान्यात आहे त्याला ५९ किंवा एक्सएस मॉडिफायर, म्हणजे जागा वेगळी होती हे सांगणारी, कोडला जोडायची खूण. कोणता मॉडिफायर हे पेअरच्या, म्हणजे बिलाचे पैसे देणाऱ्या विमा कंपनीच्या किंवा योजनेच्या, सूचनेवर ठरतं. डाव्याच हाडावर दोन वेगळ्या चिरा दिल्या असत्या तर ५९. दोन्ही बाजूंनी दोन्ही केलं असतं, लिम्फोमाच्या स्टेजिंगमध्ये असं बघायला मिळतं, तर ३८२२२ ला मॉडिफायर ५०. डावीकडे चांगला नमुना आला नाही म्हणून उजवीकडे दुसरी चीर दिली, असंही नोटमध्ये येतं. तेव्हा कोणत्या बाजूला काय हाती लागलं ते ओळीने कागदावर मांडा. दोन मिनिटं जातात, पण मॉडिफायर चुकत नाही.

५९ लावण्याआधी नोटमधलं ते एक वाक्य बोटाने दाखवता आलं पाहिजे. एडिट, म्हणजे दोन कोड एकत्र आले की क्लेम अडवणारी तपासणी, सुटावा म्हणून ५९ लावणं म्हणजे न झालेल्या कामाचे पैसे मागणं. असं कोणी शिकवत असेल तर ऐकू नका.

सारखे दिसणारे पण वेगळे कोड

वरचे तिन्ही कोड निदानासाठी आहेत. मज्जा प्रत्यारोपणासाठी काढली असेल तर तो हार्वेस्ट झाला. दात्याकडून दुसऱ्यासाठी घेतली तर ३८२३०, रुग्णाची स्वतःचीच घेतली तर ३८२३२. मणक्याच्या शस्त्रक्रियेत हाड भरण्यासाठी वेगळ्या चिरेतून मज्जा ओढली तर २०९३९, आणि हा अ‍ॅड-ऑन कोड आहे, एकटा चालत नाही. मणका सोडून इतर ठिकाणी हाड भरण्यासाठी मज्जा ओढली तर ३८२२० कडे हात जाऊ देऊ नका. तिथे २०९९९ हा अनलिस्टेड कोड येतो.

हाडाची बायोप्सी वेगळी आणि मज्जेची वेगळी. स्कॅनमध्ये इलियममध्ये गाठ किंवा पोखरलेला भाग दिसला आणि त्याचाच तुकडा सुईने घेतला, तर ती हाडाची बायोप्सी: इलियम, स्टर्नम, बरगडीसारख्या वरवरच्या हाडासाठी २०२२०, मणक्याचा मुख्य भाग किंवा मांडीच्या हाडासारख्या खोल जागेसाठी २०२२५. सुई तीच, जागाही तीच असू शकते. फरक हेतूचा आहे, म्हणून प्रोसिजरचं कारण वाचल्याशिवाय कोड लावू नका.

सोबत काय लागू शकतं

रेडिऑलॉजी विभागात सीटीच्या मदतीने सुई नेली असेल तर ७७०१२, फ्लुरोस्कोपीच्या मदतीने असेल तर ७७००२, अर्थात मार्गदर्शन आणि त्याचा अहवाल नोंदलेला असेल तरच. प्रोसिजर करणाऱ्या डॉक्टरांनीच गुंगी दिली आणि लक्ष ठेवायला स्वतंत्र प्रशिक्षित व्यक्ती होती, तर पाच वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या रुग्णाला पहिल्या १५ मिनिटांसाठी ९९१५२, पुढच्या प्रत्येक १५ मिनिटांसाठी ९९१५३. यात वेळ लिहिलेली असणं अत्यावश्यक आहे. दहा मिनिटांपेक्षा कमी असेल तर ९९१५२ सुद्धा लागत नाही. नुसतं ‘मिडाझोलाम २ मिलिग्रॅम दिलं’ एवढ्यावर सिडेशनचा कोड बसत नाही. भूलतज्ज्ञ आले असतील तर त्यांच्या बिलात ०१११२.

त्याच दिवशी ओपीडी तपासणीचाही कोड मागितलेला असतो. प्रोसिजरआधीची विचारपूस, संमती, जागेची पाहणी हे प्रोसिजरमध्येच येतं. डॉक्टरांनी त्याखेरीज वेगळं, ठळक असं काम केलं असेल, उदाहरणार्थ केमोचा बेत बदलला किंवा नव्या तक्रारीचा शोध घेतला, तरच मॉडिफायर २५ सह तपासणीचा कोड.

रुग्ण अ‍ॅडमिट असेल तर डॉक्टरांचं बिल सीपीटीवरच जातं, पण रुग्णालयाच्या बिलासाठी आयसीडी-१०-पीसीएस (दाखल रुग्णाच्या प्रोसिजरचा कोड) लागतो. इलियाकमधून त्वचेतून घेतलेला निदानाचा नमुना म्हणजे ०७डीआर३झेडएक्स. यातलं रूट ऑपरेशन, म्हणजे मूळ क्रिया, एक्स्ट्रॅक्शन (ओढून काढणं) आहे. नवे कोडर एक्सिजन (कापून काढणं) धरतात, तिथे घोळ होतो. पीसीएसमध्ये ‘ओ’ हे अक्षर नसतं, त्यामुळे सुरुवातीचं शून्य हे शून्यच.

निदानाचा कोड

वरच्या नोटमध्ये कारण काय होतं? पॅनसायटोपेनिया, आणि एमडीएस आहे का ते पाहण्यासाठी. बाह्यरुग्ण चार्टमध्ये ‘शंका’, ‘शक्यता’, ‘रूल आउट’ अशा शब्दांखालचं निदान लावत नाहीत. म्हणून क्लेमवर डी६१.८१८ (पॅनसायटोपेनिया) जाईल, डी४६.९ (एमडीएस) नाही. अ‍ॅडमिट रुग्णाच्या रुग्णालय बिलात डिस्चार्जच्या वेळी राहिलेल्या शंकेचा नियम वेगळा आहे. त्या दोन्हींची सरमिसळ करू नका. चार्ट कोड होईपर्यंत पॅथॉलॉजीचा पक्का रिपोर्ट आला असेल आणि त्यात एमडीएस असेल, तर डी४६ गटातला नेमका कोड लावा आणि पॅनसायटोपेनियाचा काढा, कारण पुस्तकात त्या दोघांमध्ये एक्सक्लूड्स १, म्हणजे एकत्र लावू नका अशी सूचना, आहे. तसंच पॅनसायटोपेनिया लावल्यावर अ‍ॅनिमिया, कमी पांढऱ्या पेशी, कमी प्लेटलेट्स यांचे वेगळे कोड जोडत बसू नका. तिन्ही कमी असणं हाच त्या शब्दाचा अर्थ.

ल्युकेमियाच्या रुग्णात शेवटचा अंक जपा. एएलएल (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) रेमिशनमध्ये, म्हणजे आटोक्यात, नसेल तर सी९१.००, रेमिशनमध्ये असेल तर सी९१.०१, पुन्हा उलटला असेल तर सी९१.०२. स्मिअरमध्ये ब्लास्ट (अपक्व पेशी) कमी दिसले म्हणून रेमिशन आपण ठरवायचं नाही. तो शब्द डॉक्टरांनी लिहिलेला हवा. जुना आजार म्हणून झेड८५.६ लावायचा की रेमिशन, हेही त्यांच्याच नोंदीवर.

नमुना लॅबमध्ये गेल्यावर

पॅथॉलॉजीचं बिल वेगळं बनतं आणि माझ्या मते शिकायला जास्त मजा इथेच आहे, कारण एका प्रोसिजरमधून कोडची रांग निघते. अ‍ॅस्पिरेटच्या स्मिअरचं वाचन ८५०९७. कांडीची तपासणी ८८३०५. द्रवातला गोठलेला भाग, म्हणजे क्लॉट, वेगळा नमुना म्हणून तपासला असेल तर त्यालाही ८८३०५. कांडीत हाड असतं, ते कापण्याआधी आम्लात किंवा ईडीटीएत मऊ करावं लागतं, त्याचा ८८३११ सोबत जातो. क्लॉटला हाड नसल्याने तिथे तो लागत नाही. स्मिअरवर लोहाचा रंग आणि कांडीवर रेटिक्युलिनचा रंग केला तर ८८३१३ दोनदा. हाताच्या रक्ताच्या स्मिअरवर पॅथॉलॉजिस्टने लेखी मत दिलं असेल तर ८५०६०.

कांडीवर सीडी३४, सीडी११७ आणि सीडी६१ असे तीन वेगवेगळे इम्युनोस्टेन (अँटीबॉडी वापरून ठरावीक पेशी रंगवणं) केले तर पहिल्याला ८८३४२ आणि उरलेल्या दोघांना ८८३४१ दोन युनिट. फ्लोमध्ये २४ मार्कर तपासले तर ८८१८४ एक, ८८१८५ तेवीस, आणि वाचनासाठी ८८१८९ एक, कारण १६ किंवा जास्त मार्करचं वाचन त्यातच बसतं. मार्कर रिपोर्टमधून मोजा, पॅनलच्या नावावरून नाही. रुग्णालयातल्या रुग्णाच्या नमुन्यासाठी पॅथॉलॉजिस्ट फक्त वाचन करत असेल तर ८८३०५ ला मॉडिफायर २६.

पुस्तक कोणतं उघडायचं हे प्रोसिजरच्या तारखेवर ठरतं, चार्ट तुमच्या रांगेत आला त्या तारखेवर नाही. सीपीटी दर १ जानेवारीला बदलतं, आयसीडी-१०-सीएम, म्हणजे निदानाचे कोड, मुख्यतः दर १ ऑक्टोबरला. सप्टेंबरचा चार्ट नोव्हेंबरमध्ये हातात आला तर निदान जुन्याच पुस्तकातून.

नोटमध्ये नसेल तर

चिरेचा उल्लेखच नाही, दोन्ही नमुने घेतलेत पण बाजू एकच लिहिली आहे, किंवा रिपोर्टमध्ये कोअर आहे आणि नोटमध्ये फक्त अ‍ॅस्पिरेशन: अशा वेळी अंदाजाने कोड लावू नका, डॉक्टरांना क्वेरी पाठवा. क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही आणि पैशाचा उल्लेख करायचा नाही. ‘३८२२२ लावता यावा म्हणून कृपया बायोप्सी नोंदवा’ असं कधीही लिहू नये. नोंदीतली वस्तुस्थिती सांगायची आणि प्रश्न मोकळा ठेवायचा. मी अशी क्वेरी लिहितो: “पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये डाव्या इलियाक क्रेस्टच्या कोअरची तपासणी नोंदलेली आहे. प्रोसिजर नोटमध्ये अ‍ॅस्पिरेशनचं वर्णन आहे. त्या दिवशी कोणकोणते नमुने, कोणत्या बाजूने आणि किती चिरांमधून घेतले, हे कृपया स्पष्ट करावं.” उत्तर पुरवणी नोंद म्हणून चार्टमध्ये तारखेसह आलं की मगच क्लेम पुढे सरकवा. फोनवर मिळालेलं तोंडी उत्तर ऑडिटमध्ये चालत नाही.